डिकीतील बारदान : छोट्या मोटारीसाठी सबवूफरची पेटी

पावसाळा ओसरला, भाताच्या बांध्या पिवळ्या पडू लागल्या, की गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबांना इटियाडोहची आठवण होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेले हे मातीचे धरण १९७० साली पूर्ण झाले. कालव्यांतून धानाच्या शेतीला पाणी पुरवणारा हा जलाशय जंगलाच्या कुशीत पसरलेला आहे. नवेगावबांधही फार दूर नाही. सकाळी डबे भरून निघावे, दुपार पाण्याकाठी घालवावी, दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकावे आणि दिवेलागणीच्या सुमारास परतीचा रस्ता धरावा, अशी ही एका दिवसाची सहल असते.

गोंदियातील तांदळाच्या व्यापारात असलेल्या एका कुटुंबाची अशीच सहल ठरली होती. घरात आजी, आई-बाबा, धाकटी मुलगी आणि नुकताच दुकानात बसू लागलेला थोरला मुलगा अशी पाच माणसे, आणि मोटार छोटी, हॅचबॅक प्रकारची. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाने मोठ्या हौसेने गाडीत नवा सबवूफर बसवून आणला. बाजारात तयार मिळणारी बारा इंची स्पीकरची ती पेटी ७५ सेंटिमीटर लांब, ४० उंच आणि ४२ खोल होती. सकाळी डबे, पाण्याचे भांडे आणि सतरंजी कशीबशी बसली. आजींची घडीची चाकांची खुर्ची मात्र काही केल्या डिकीत बसेना. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्या खुर्चीशिवाय आजींना गाडीपासून पाण्यापर्यंत जाता येत नसे.

“खुर्ची राहू दे रे,” आजी म्हणाल्या, “मी गाडीतच बसेन. तिथून दिसतं तेवढं पाणी पुरे मला.”

त्या दिवशी आजी खरोखरच गाडीत बसून राहिल्या. परतताना बाबांनी रागाचा एकही शब्द काढला नाही. घरी पोहोचल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “गाडी घेतली तेव्हा डिकी कशासाठी पाहिली होती आपण?” मुलापाशी उत्तर नव्हते. त्यातच, ज्यासाठी हे सारे केले तो आवाजही मनासारखा नव्हता. कोणतेही गाणे लावले तरी एकच ‘धूं’ घुमत राही, आणि आवाज वाढवला की पेटीच्या भोकातून फुसफुस ऐकू येई. पंधरवड्याच्या आत ती पेटी स्पीकरसह निम्म्या किमतीत परत गेली.

मुलाची हौस मात्र संपली नव्हती, आणि संपावी असेही घरात कोणाला वाटत नव्हते. बाबांनी एकच अट घातली: आधी आजींची खुर्ची, मग धानाच्या नमुन्याच्या पिशव्या, मग डबे, एवढे ठेवून जी जागा उरेल तेवढ्यातच काय बसवायचे ते बसवावे. मुलाने फीत घेऊन डिकी मोजली. खुर्ची उभी ठेवल्यावर मागील आसनाच्या पाठीशी ६० सेंटिमीटर रुंद, ३७ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर जाड एवढाच पट्टा मोकळा राहत होता. आपल्याकडील लहान मोटारींच्या डिक्या साधारण अडीचशे ते साडेतीनशे लिटरच्या असतात. पहिल्या पेटीने त्यांतील १२६ लिटर गिळले होते. हा नवा पट्टा ४९ लिटरही भरत नव्हता.

पेटीचे काम काय?

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडाच ठेवला तर पुढचा दाब वळसा घालून मागच्या पोकळीत जिरतो. बारीक, उंच आवाजात याने फारसे बिघडत नाही. ढोल-नगाऱ्याच्या खर्जात मात्र जवळजवळ सर्व श्रम वाया जातात. म्हणून मागची हवा पेटीत बंद करावी लागते. पेटी पूर्ण बंद ठेवली तर मागील बाजूचा आवाज आतच राहतो. तिला एक नळी ठेवली, जिला कारागीर ‘पोर्ट’ म्हणतात, तर मागील बाजूचे श्रमही उपयोगी आणता येतात.

ही नळी नुसते भोक नसते. पाणवठ्यावर घागर भरताना तिचा आवाज हळूहळू चढत जातो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. घागरीतील हवा जितकी कमी उरते, तितका स्वर उंच होतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की एक ठरावीक सूर निघतो, तोही याच कारणाने: मानेतील हवेचा लहानसा गोळा आतल्या हवेच्या स्प्रिंगवर मागे-पुढे झुलतो. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा पद्धतशीर अभ्यास केला; संगीताच्या शास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्बर्ट थुरास यांनी हेच तत्त्व स्पीकरच्या पेटीला लावले. त्यासाठी १९३० साली अर्ज करून १९३२ साली त्यांनी पेटंट मिळवले.

पेटीतील हवा, नळीचे क्षेत्रफळ आणि नळीची लांबी या तिघांवरून पेटीचा सूर ठरतो. त्या सुरावर नळीतील हवा जोराने झुलते, पडदा मात्र जवळजवळ स्थिर राहतो. आवाजाचा मोठा वाटा नळीच देते. त्यामुळे तेवढ्याच विजेत अधिक खर्ज मिळतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यानंतर सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी या पेट्यांचे गणित इतके नीट मांडले, की आज प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर ‘थील-स्मॉल’ आकडे छापलेले असतात. स्पीकर घेण्यापूर्वी ते पत्रक मागून घ्यावे. ज्या स्पीकरसोबत ते मिळत नाही, त्याच्यासाठी पेटी आखणे म्हणजे वजन न करता पोत्याचा भाव ठरवणे होय.

तिघांपैकी दोन

या क्षेत्रात हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक कडक नियम आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन निवडाव्यात, तिसरीवर पाणी सोडावे. विक्रेता तिन्हींची हमी देत असेल, तर कोणत्या तरी गोष्टीची किंमत ग्राहकाला नंतर मोजावी लागणार, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

मुलाने दहा इंची स्पीकर निवडला. त्याच्या पत्रकावर नळीच्या पेटीसाठी २८ लिटर हवा सुचवली होती. तरुण मनाला २८ लिटर जास्त वाटले. त्याने आधी निम्मी, म्हणजे १४ लिटरची पेटी कागदावर मांडली, सूर ३५ हर्ट्झ असा खोल धरला आणि १० सेंटिमीटर आतील व्यासाची नळी घेतली. हिशोब केल्यावर नळीची लांबी १३० सेंटिमीटर निघाली. पेटीपेक्षा नळी लांब! पहिल्यांदा त्याला वाटले की बेरीज चुकली. बेरीज बरोबर होती. आतील हवा निम्मी केली की तोच सूर राखण्यासाठी नळी जवळपास दुप्पट लांब करावी लागते, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

मग त्याने पत्रकाप्रमाणे २८ लिटर धरले. नळी ६१ सेंटिमीटरवर आली. पेटीची आतील लांबी त्याहून कमी, म्हणजे नळी वाकवणे आले. कोपर लावून नळी वळवता येते, परंतु मग स्पीकरचे चुंबक आणि वळलेली नळी एकाच जागेवर हक्क सांगू लागतात.

तिसऱ्या प्रयत्नात त्याने नळी बारीक केली. ७.५ सेंटिमीटर व्यासाला लांबी केवळ ३३ सेंटिमीटर पुरत होती. कागदावर सगळे जमले. येथेच बहुतेक जण फसतात. १० सेंटिमीटरच्या नळीचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, तर ७.५ सेंटिमीटरच्या नळीचे ४४. तेवढीच हवा अरुंद वाटेने जायची म्हणजे तिचा वेग पावणेदोन पटींहून अधिक होणार. नळीतील वेग सेकंदाला सुमारे १७ मीटरच्या आत राहावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्याच्या बराच पुढे गेला की हवा फुसफुसू लागते. पहिल्या पेटीत ऐकू आली ती हीच फुसफुस.

उरला एकच मार्ग: खर्जाची हाव थोडी आवरायची. सूर ३५ ऐवजी ४० हर्ट्झवर आणला, तेव्हा १० सेंटिमीटरच्या नळीची लांबी ४५ सेंटिमीटर झाली आणि ती पेटीत सरळ बसली. पाच हर्ट्झ सोडल्याने काय गेले? बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. तबल्याचा डग्गा, ढोलक आणि पुरुषाचा आवाज हे सारे त्याहून वर राहतात. या घरात जे संगीत वाजते, त्यातील जवळजवळ काहीच गेले नाही.

शिवाय मोटार स्वतःही मदत करते. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटरहून अधिक असते आणि छोट्या मोटारीचे आतील दालन अडीच-तीन मीटरचे. लहर दालनात मावेनाशी झाली की स्पीकर साऱ्या दालनातील हवा एकदम दाबू लागतो. त्यामुळे साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली खर्ज आपोआप उचलला जातो. घरातील दिवाणखान्यात जी पेटी उथळ वाटेल, ती गाडीत पुरेशी भरदार वाटते. लहान गाडीच्या धन्याला मिळणारी ही सूट आहे. ती हिशोबात धरावी.

बारदान वजा जाता

एका रात्री मुलगा दुकानातील टेबलावर आकडे मांडून बसला होता. त्याने ६० × ३७ × २२ सेंटिमीटरचा गुणाकार केला आणि म्हणाला, “बाबा, ४८.८ लिटर जागा आहे. मला २८च पाहिजेत. पेटी आणखी लहान करता येईल.”

बाबांनी कागद पाहिला. “हे भरलेल्या पोत्याचं वजन झालं,” ते म्हणाले. “बारदान कुठे वजा केलंस?”

धान्याच्या व्यापारात जन्म गेलेल्या माणसाला हे एका दृष्टीत दिसले. इटियाडोहच्या पाण्याचा हिशोबही असाच असतो. धरणात दिसते ते सारे पाणी कालव्याला मिळत नाही. एकूण साठ्यातून मृत साठा वजा करून जो उपयुक्त साठा उरतो, त्यावरच उन्हाळी धानाचे नियोजन होते. पेटीतही उपयुक्त हवा तेवढीच मोजायची. मग बापलेकांनी मिळून ताळेबंद मांडला, तो असा:

बाहेरून पेटीचे माप : ४८.८ लिटर
वजा, १८ मिलिमीटर जाडीच्या फळ्या : १४.२ लिटर
आतील पोकळी : ३४.६ लिटर
वजा, नळीने अडवलेली जागा : ४.३ लिटर
वजा, स्पीकरचे चुंबक व सांगाडा : १.६ लिटर
वजा, आतील आधाराच्या पट्ट्या : ०.७ लिटर
निव्वळ हवा : २८.० लिटर

बाहेरून दिसणाऱ्या जागेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बारदानातच गेली होती. पेटी लहान होत जाते तसे हे प्रमाण वाढते, कारण फळीची जाडी तीच राहते. म्हणून लहान जागेत अंदाजाने काम करणे अधिक महाग पडते. मोठ्या पेटीत दोन लिटर इकडेतिकडे झाले तर खपून जाते. २८ लिटरमध्ये तेवढ्याने पेटीचा सूर हलतो.

फळ्या पातळ घेऊन जागा वाचवावी, असा मोह येथे होतो. तो टाळावा. १८ मिलिमीटरचा एमडीएफ जड आणि घट्ट असल्यामुळे पेटीसाठी चांगला. पातळ फळी स्वतःच थरथरते आणि खर्जात आपला कर्कश वाटा मिसळते. ओलाव्याची भीती असेल तर चांगल्या प्रतीचा प्लायवूड घ्यावा, कारण पाणी लागले की एमडीएफ फुगतो.

सुताराकडे जाण्यापूर्वी

नळीसाठी नळकामाच्या दुकानातील पीव्हीसी पाइप चालतो. ११० मिलिमीटर हे त्याच्या बाहेरचे माप असते. जाड भिंतीच्या पाइपाचा आतील व्यास १० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तो दुकानातच मोजून घ्यावा आणि प्रत्यक्ष आकडा हिशोबात घालावा. नळीच्या लांबीत फळीची जाडीही धरायची असते. तिचे आतले तोंड समोरच्या फळीपासून निदान एका व्यासाइतके, म्हणजे दहा सेंटिमीटर, दूर हवे, नाहीतर तोंडाशीच हवा कोंडते. या पेटीत नळी आखूड बाजूच्या फळीतून लांबीच्या दिशेने, तळाशी आणि मागे टेकून बसवली. आतील लांबी ५६ सेंटिमीटरहून थोडी अधिक असल्याने तोंडापुढे तेरा सेंटिमीटर मोकळे राहिले. पेटी गाडीत ठेवल्यावर नळीच्या बाहेरच्या तोंडासमोरही सामान येऊ देऊ नये.

फळ्या कापण्याआधी मुलाने पुठ्ठ्याची पूर्ण मापाची पेटी केली आणि ती डिकीत ठेवून पाहिली. चाकांच्या कमानी, आसनाच्या पाठीचा कल आणि दाराची बिजागरी ही फितीला न दिसणारी माणसे आहेत. पुठ्ठा त्यांची ओळख करून देतो. आजींची खुर्ची त्या पुठ्ठ्याशेजारी उभी राहिली. त्याच पुठ्ठ्यात स्पीकर आणि पाइपाचा तुकडा ठेवून चुंबक कोठे अडत नाही ना, हेही पाहता आले. सुताराचा एक खेप-दोन खेप त्रास आणि एक फळी त्यामुळे वाचली.

सांधे गोंद आणि स्क्रू दोन्हींनी पक्के करावेत आणि आतून सर्व कडांना गोंदाची किंवा सिलिकॉनची रेघ द्यावी. सिलिकॉन वापरल्यास ते पूर्ण सुकेपर्यंत स्पीकर बसवू नये. नळी मात्र प्रथम दोन सेंटिमीटर लांबच ठेवावी. नळी कापून आखूड करता येते, वाढवता येत नाही, हे साधे व्यवहारज्ञान आहे. लांबी एक सेंटिमीटरने कमी केली की या पेटीचा सूर साधारण ०.४ हर्ट्झने चढतो.

सूर तपासण्याची रीतही सोपी आहे. मोबाइलवर सूर निर्माण करणारे अॅप घेऊन ६० हर्ट्झपासून मंद आवाजात हळूहळू खाली यावे आणि स्पीकरच्या पडद्याकडे पाहावे. ज्या आकड्यावर पडदा सर्वांत कमी हलतो आणि नळीतून वारा सर्वांत जोरात येतो, तो पेटीचा सूर. मुलाच्या पेटीत तो पहिल्यांदा ३९ आला. त्याने दोन सेंटिमीटर नळी कापली आणि काम पूर्ण झाले.

पेटीच्या सुराखाली नळीची पेटी स्पीकरला आधार देत नाही. पडदा मोकाट हलू लागतो आणि जळतो किंवा फाटतो. म्हणून अॅम्प्लिफायरवरील अतिमंद्र ध्वनी अडवणारी चाळणी, जिला ‘सबसॉनिक फिल्टर’ म्हणतात, ती ३० ते ३३ हर्ट्झच्या आसपास लावावी. विजेची तारही हिशोबानेच घ्यावी. ३०० वॉटचा अॅम्प्लिफायर भर आवाजात सुमारे २७ अँपिअर प्रवाह ओढू शकतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर बॅटरीजवळच, अर्ध्या मीटरच्या आत, योग्य फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूजाविना तार पत्र्याला घासली, तर आग लागण्यास वेळ लागत नाही. या कामी काटकसर करू नये.

फळ्यांचेच वजन साडेदहा किलोच्या घरात जाते. स्पीकर धरून ते सोळा-सतरा किलो होते. अचानक ब्रेक लागल्यास एवढे वजन मागून पुढे झेपावते, आणि मागील आसनावर बहुधा घरातील वडीलधारी माणसे आणि मुले असतात. पेटी पट्ट्याने किंवा बोल्टने गाडीच्या सांगाड्याला बांधल्याशिवाय एकही फेरी मारू नये. बोल्टसाठी भोक पाडण्यापूर्वी खाली इंधनाची टाकी वा नळी नाही, हे पाहून घ्यावे.

नळी नकोच, असेही उत्तर असू शकते

ज्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे, त्यांना ४८ लिटरही परवडणार नाहीत. त्यांनी नळीचा हट्ट सोडावा. असे अनेक दहा इंची स्पीकर आहेत, जे चौदा ते अठरा लिटरच्या पूर्ण बंद पेटीत नीट वाजतात. आवाज काहीसा कमी मिळतो, परंतु मापातील लहान चूक पेटी पोटात घेते, फुसफुस होत नाही, आणि गाडीच्या दालनाची मदत तिलाही मिळतेच. तेवढीही जागा नसेल, तर आसनाखाली बसणारे, अॅम्प्लिफायर अंगचाच असलेले चपटे सबवूफर मिळतात. त्यांच्याकडून वरातीच्या आवाजाची अपेक्षा करू नये. प्रवासात गाणे भरीव वाटावे, एवढे काम ते करतात.

आवाज किती ठेवावा, याचाही हिशोब आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणची सर्वमान्य मर्यादा मानली जाते, आणि दर ३ डेसिबलने सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला तो एक तासच उरतो. कानाचे नुकसान भरून येत नाही. मोटारीबाहेर गेलेल्या आवाजाला कायद्याचीही कक्षा आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा निदान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. खर्ज भिंतींतून सहज पार जातो, म्हणून गल्लीत शिरताना सबवूफरचा खटका बंद करण्याची सवय चांगली.

इटियाडोहच्या वाटेवर तर ही सवय अधिकच हवी. नवेगाव-नागझिरा हे क्षेत्र २०१३ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आहे. हिवाळ्यात तेथील जलाशयांवर पाहुणे पक्षी उतरतात. ते पाहण्यासाठी तेथे जायचे आणि आपल्याच गाडीच्या धडधडीने त्यांना उडवून लावायचे, यात कसली सहल?

हे कुटुंब पुन्हा इटियाडोहला गेले, ते डिसेंबरमध्ये. डिकीत खुर्ची होती, डबे होते, नमुन्याच्या दोन पिशव्याही चुकून तशाच राहिल्या होत्या. वाटेत आजींच्या आवडीची जुनी गाणी लागली. डग्ग्याची थाप आता एकाच ‘धूं’मध्ये बुडत नव्हती; प्रत्येक ठोका निराळा ऐकू येत होता. आजींनी मागे वळून विचारले, “पेटी काढली का रे तू ती?”

“नाही आजी, तुमच्या पाठीमागेच आहे.”

धरणाजवळ पोहोचण्यापूर्वी जंगलाच्या रस्त्यावर मुलाने खटका बंद केला. बाबांनी खुर्ची काढून उघडली, मुलीने सतरंजी घेतली, आणि आजी पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या.